ग्रुप ॲडमिन मंडळींनो, डिलीटचं बटण तुमच्याच हातात आहे

नागपुरातल्या तमाम व्हॉट्सॲप ग्रुपांचे ॲडमिन काका, ताई, भाऊ आणि दादा लोकहो,

सप्रेम नमस्कार.

ग्रुप सोसायटीचा असो, भिशीचा असो, गणपती मंडळाचा, शाळेतल्या पालकांचा, दहावीच्या बॅचचा नाहीतर अंबाझरीला सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा, हे पत्र तुम्हालाच आहे. आधी मनात होतं की पोलीस आयुक्तांना लिहावं. पण पोलिसांकडे माणूस जातो तो पैसे गेल्यावर. बँकांना लिहून काय होणार? त्या रोजच 'ओटीपी कुणाला देऊ नका' म्हणून मेसेज पाठवतात आणि आपण तो न वाचता उडवतो. भामटा तुमच्या ग्रुपात शिरतो त्या घटकेला तिथे हजर असणारा आणि काही करू शकणारा माणूस एकच, तो म्हणजे तुम्ही.

माझं सक्करदऱ्याकडे मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंग जॅक ही रोजची कामं. पण हल्ली धडधाकट फोन घेऊन माणसं येतात. काच फुटलेली नाही, पाणी गेलेलं नाही. "भाऊ, माझ्या नंबरवरून सगळ्यांना पैसे मागणं चालू आहे, पाहून द्या न जी!" आणि चौकशी केली की निघतं काय, तर लिंक आली होती ग्रुपवरूनच, ओळखीच्याच माणसाच्या नावानं.

हे होतं कसं ते जरा जवळून सांगतो, कारण 'सावध राहा' एवढं लिहून कोणी सावध होत नाही.

ग्रुपवर मेसेज येतो: "माझी भाची डान्स कॉम्पिटिशनमध्ये आहे, प्लीज एक व्होट करा, एकच मिनिट लागते." खाली लिंक. पाठवणारे कोण, तर तिसऱ्या माळ्यावरचे देशपांडे काका. लिंक उघडली की दोन मुलींचे फोटो, खाली मतांचे आकडे, एक बटण. बटण दाबलं की मोबाईल नंबर विचारतात, 'एकाने दोनदा मत देऊ नये म्हणून'. पटण्यासारखं आहे की नाही? नंबर टाकला की पडद्यावर आठ अक्षरांचा एक कोड येतो आणि त्याच क्षणी फोनवर व्हॉट्सॲपची सूचना येते, नवीन डिव्हाइस जोडण्यासाठी कोड टाका. ग्रुपातल्या एखाद्या काकू भाबडेपणाने तो कोड तिथे टाकतात. झालं. कोणी पासवर्ड विचारला नाही, ओटीपी विचारला नाही, पैशाचं तर नावही काढलं नाही. पण त्या घटकेपासून काकूंचं व्हॉट्सॲप कुठल्यातरी परक्या कॉम्प्युटरवर उघडं झालं. फोन मात्र पूर्वीसारखाच चालतो, म्हणून काकूंना कशाचाच पत्ता नाही.

यातला खरा धूर्तपणा पुढे आहे. भामटा लगेच पैसे मागत नाही. आधी वाचतो. कोण कोणाला मावशी म्हणतं, कोणाच्या घरी ऑपरेशन आहे, कोण पुण्याच्या मुलाला दर महिन्याला पैसे पाठवतं. मग नेमक्या माणसाला, नेमक्या भाषेत लिहितो: "ताई, दवाखान्यात आहे, माझं गूगल पे अटकून राहिलं, १८ हजार टाक न, संध्याकाळी देतो." आता सांगा, यात ओळखायला चूक कुठे दिसते? शुद्धलेखन बघून फसवणूक ओळखण्याचे दिवस गेले. जुन्या मेसेजांतून उचललेली भाषा तुमच्या घरचीच असते.

दुसरा प्रकार जुना, पण अजून चालतो. "माझा सहा आकडी कोड चुकून तुमच्या नंबरवर आला, जरा पाठवता का?" तो कोड त्यांचा नसतो, तुमचंच व्हॉट्सॲप दुसऱ्या फोनवर सुरू करायचा असतो. तो दिला की तुम्ही तुमच्याच खात्यातून बाहेर.

आणि तिसरा म्हणजे लग्नपत्रिका. तुळशीचं लग्न झालं की आपल्याकडे पत्रिकांचा पाऊस सुरू होतो आणि त्या पावसात ही एक फाइल येते. नाव 'लग्नपत्रिका', पण शेवटी 'डॉट एपीके'. पत्रिका ही फोटो असते, नाहीतर पीडीएफ असते. पत्रिका 'इन्स्टॉल' कशाला करावी लागते बाप्पा? एपीके म्हणजे ॲप. फोन बिचारा सांगतोही की हे अनोळखी ठिकाणचं आहे, धोका आहे. पण 'अलाऊ' दाबायची आपल्याला इतकी सवय झाली आहे की बोट आधी चालतं आणि डोळे मागून येतात. ते ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, मिळाली की आपलं चिन्ह लपवून बसतं. मग बँकेचा ओटीपी येतो तो तुमच्याकडे आणि त्याच्याकडे एकदमच. वर ती फाइल तुमच्या नावाने तुमच्या सगळ्या ग्रुपांवर आपोआप जाते. ट्रॅफिक चलनाच्या नावाने फिरणाऱ्या फाइलींचंही असंच.

अशा फोनवर आम्ही पहिलं काम करतो ते फ्लाइट मोड टाकायचं आणि सिम बाहेर काढायचं. मग ॲक्सेसिबिलिटी, नोटिफिकेशन आणि डिव्हाइस ॲडमिनच्या परवानग्या कोणाकोणाला दिल्या आहेत ते पाहायचं. बिननावाचं काहीतरी तिथे बसलेलं सापडतंच. लोक म्हणतात, "फॉरमॅट मारून द्या अन् मोकळं करा." तसं मारू नये. आधी दुसऱ्या फोनने त्या मेसेजचे, त्या फाइलचे, पैसे गेल्याच्या नोंदीचे फोटो काढावे, तक्रार करावी, आणि मग फॉरमॅट. नाहीतर पुरावाच पुसला जातो. बँकेचे पासवर्डही दुसऱ्या, स्वच्छ फोनवरूनच बदलावे.

आता तुमच्याकडे येतो. तुम्ही म्हणाल, मेंबर काय टाकतात त्याला आम्ही काय करणार? कायद्याने हे म्हणणं बरोबरच आहे, आणि तसा निकाल आपल्याच गावात लागला आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ ला, गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितलं की मेंबरने आक्षेपार्ह मजकूर टाकला म्हणून ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. कारण ॲडमिनला माणूस आत घेण्याचा आणि बाहेर काढण्याचाच काय तो अधिकार आहे, मजकूर आवरण्याचा नाही. तेव्हाची स्थिती तशीच होती. पण पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, व्हॉट्सॲपने ॲडमिनला दुसऱ्या कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी उडवायची सोय दिली. म्हणजे शिक्षा तुम्हाला होणार नाही हे कोर्टाने सांगून ठेवलं आणि ताकद मात्र कंपनीने वाढवून दिली. एवढी छान नोकरी सरकारी खात्यातही मिळत नाही. फक्त ते बटण दाबणारे ॲडमिन मला फार कमी दिसतात. वाढदिवसाच्या केकवरून भांडण झालं की 'ओन्ली ॲडमिन' लावणारे पुष्कळ आहेत. लिंक पडली की सगळे शांत.

भांडणाच्या वेळी लावता तेच कुलूप इथे लावा. ग्रुपवर संशयाची लिंक किंवा एपीके दिसली की आधी एक स्क्रीनशॉट घ्या, त्यात नंबर, वेळ आणि लिंक दिसली पाहिजे. मग मेसेज सगळ्यांसाठी डिलीट. मग ग्रुप तासाभरासाठी फक्त ॲडमिनसाठी खुला ठेवा. मग ज्याच्या नावाने मेसेज आला त्याला साधा फोन लावा. व्हॉट्सॲपवर विचारायचं नाही! "तुम्हीच पाठवलं का?" असं तिथे विचारलं तर उत्तर भामटाच देईल, "हो हो, मीच आहे." फोनवर माणूस म्हणाला की मी नाही पाठवलं, तर त्याचा नंबर तात्पुरता ग्रुपातून काढा. राग मानतील काही जण. मानू द्या. आणि नंतर ग्रुपवर स्वतःच्या आवाजात एक व्हॉइस मेसेज टाका: अमक्यांचं खातं चोरलं गेलं आहे, पैसे मागितले तर देऊ नका, आलेली लिंक उघडली असेल त्यांनी मला फोन करा.

लिंक उघडलेल्यांना काय सांगायचं? व्हॉट्सॲपच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत (आयफोनवर सेटिंग्जमध्ये) 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा, तिथे आपला नसलेला कॉम्प्युटर दिसला की लॉगआउट करा. खात्यातून पूर्ण बाहेर फेकले गेले असाल तर आपल्याच नंबरने पुन्हा नोंदणी करा. एसएमएसवर आलेला सहा आकडी कोड टाकला की समोरचा बाहेर पडतो. त्याने मध्येच स्वतःचा टू-स्टेप पिन, म्हणजे व्हॉट्सॲपवर आपणच ठरवून लावायचा सहा आकडी जादा पिन, लावून ठेवला असेल तर तुम्हाला आत जायला सात दिवस थांबावं लागतं, पण तोही आत राहत नाही, एवढी गोष्ट लोकांना माहीत नसते आणि ते उगाच घाबरतात.

तुमचा स्वतःचा टू-स्टेप पिन लावला आहे का? नसेल तर हे पत्र इथेच थांबवून लावा, मग पुढे वाचा. ॲडमिनचंच खातं गेलं तर चोर ॲडमिन होतो आणि डिलीटचं बटण त्याच्या हातात जातं. म्हणून ग्रुपाला किमान दोन ॲडमिन असावेत, आणि दोघांनाही पिन असावा. ग्रुपात यायची लिंक कुठे फेसबुकवर वगैरे टाकली असेल तर ती रिसेट करा, आणि नवीन मेंबरला तुमच्या मंजुरीनेच आत येऊ द्या.

एक कडू गोष्ट सांगायची आहे. भामट्याला आपल्या ग्रुपांनीच रस्ता तयार करून दिला आहे. सिलेंडरवाला खाली आला की "कोड ग्रुपवर टाका" म्हणून आपणच ओरडतो. कोड ही ग्रुपवर टाकायची गोष्ट आहे, ही सवय कोणी लावली? सोसायटीचे सेक्रेटरी सगळ्यांच्या आधार कार्डाचे फोटो ग्रुपवर मागवतात. फ्लॅट नंबर, नाव, मोबाईल अशी पीडीएफ यादी पिन करून ठेवतात. ठगाला अजून काय पाहिजे? लाडकी बहीणची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा खऱ्या संकेतस्थळाबरोबर बनावट लिंकाही फिरल्या, आणि १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना नवीन नंबर प्लेट लावायची म्हटल्यावरही तेच झालं. दोन्ही वेळी ग्रुपावर 'लवकर करा, शेवटची तारीख' असं लिहून पुढे ढकलणारी माणसं आपलीच, भल्या मनाचीच होती.

पत्ता वाचायला लोकांना शिकवा, अवघड नाही. लिंकमधला पहिला एकेरी तिरका दांडा शोधायचा आणि तिथून डावीकडे, म्हणजे उलटं वाचत यायचं. टपालाच्या पाकिटावर जसं घर, गल्ली, पेठ आणि शेवटी गाव असतं, तसं इथेही खरं गाव शेवटी असतं. महाराष्ट्र सरकारची साइट असेल तर तो शेवट बहुतेक 'डॉट जीओव्ही डॉट इन' असा असतो. 'लाडकी-बहीण-महाराष्ट्र-जीओव्ही डॉट कॉम' यात महाराष्ट्रही आहे, जीओव्हीही आहे, पण गाव 'डॉट कॉम' आहे आणि ते कोणीही विकत घेऊ शकतं. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने आता 'डॉट बँक डॉट इन' असा राखीव शेवट दिला आहे आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिकडे जायला बँकांना सांगितलं होतं. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावर मात्र जाऊ नका. कुलूप एवढंच सांगतं की मधल्या रस्त्यात कोणी डोकावत नाही. पलीकडे चोरच बसला असेल तर माहिती सुरक्षितपणे चोरापर्यंत पोचते, इतकंच. छोट्या केलेल्या लिंका, ज्यात गाव दिसतच नाही, त्या ग्रुपवर टाकायच्या नाहीत असा नियमच करा.

फेसबुकवाल्यांसाठी एक खास नागपुरी प्रकार आहे. तसा तो देशभर चालतो, पण आपल्याकडे जास्त पटतो. कोणातरी ओळखीच्या माणसाचा फोटो आणि नाव चोरून नवीन प्रोफाइल बनतं, तुम्हाला रिक्वेस्ट येते, आणि दोन दिवसांनी मेसेज: "माझे एक मित्र सीआरपीएफमध्ये ऑफिसर आहेत, बदली झाली, फर्निचर आणि फ्रिज स्वस्तात काढून राहिले, नंबर देऊ का?" आता हिंगण्याला सीआरपीएफ आहे, वायुसेनानगर आहे, कामठीला लष्कर आहे. बदल्या होतच असतात, सामान विकलं जातंच. म्हणून शंका येत नाही. मग फोटो येतात, ओळखपत्राचाही फोटो येतो, 'आर्मीच्या ट्रकने पाठवतो' म्हणून आधी भाडं मागतात. ओळखपत्राचा फोटो दिसला की खरं समजू नका. खरा ऑफिसर अनोळखी माणसाला ओळखपत्र पाठवत फिरत नसतो. बचाव सोपा आहे. जुना मित्र पुन्हा रिक्वेस्ट पाठवतो म्हटल्यावर त्याला फोन करा, आणि आपली फ्रेंड लिस्ट 'ओन्ली मी' करा. यादीच दिसली नाही तर तुमच्या नावाने मेसेज पाठवणार कोणाला?

इन्स्टाग्रामवर केक, साड्या, संत्रा बर्फी विकणाऱ्या आपल्या पोरींना वेगळाच मेसेज येतो: तुमच्या पोस्टने कॉपीराइट मोडला, २४ तासांत अपील करा, नाहीतर पेज बंद. पाठवणाऱ्याचं नाव 'सपोर्ट' वगैरे आणि फोटो कंपनीच्या चिन्हाचा. घाई आणि भीती एकत्र आली की समजावं. इन्स्टाग्रामने खरंच मेल पाठवली असेल तर ती ॲपमध्येच, 'पासवर्ड अँड सिक्युरिटी'खालच्या 'रीसेंट ईमेल्स' मध्ये दिसते. तिथे नसेल तर खोटी. पेजच्या धंद्यावर घर चालत असेल तर एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲपचा, म्हणजे फोनवरच कोड तयार करणाऱ्या ॲपचा, कोड लावून घ्या.

पैसे गेलेच तर १९३०, ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. हा नंबर तुमच्या ग्रुपाच्या वर्णनात लिहून ठेवा, वाढदिवसांच्या यादीच्या वर. सोबत हवं काय, तर किती पैसे, कधी, कोणत्या बँकेतून, आणि व्यवहाराचा क्रमांक. तक्रार गेली की ज्या खात्यात पैसे गेले तिथे ते अडवायचा निरोप बँकांना जातो. पण पैसा एका खात्यात थांबत नाही, भाड्याने घेतलेल्या खात्यांतून एकातून दुसऱ्यात पळत असतो, म्हणून घरच्यांशी चर्चा, शेजाऱ्यांचा सल्ला, उद्या सकाळी बँकेत जाऊ, यातलं काही नको. आधी फोन. बँकेलाही लगेच कळवा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाने स्वतःहून पिन-पासवर्ड दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. पैसे गेले नसतील, नुसतं खातं चोरलं गेलं असेल, तरी तो गुन्हाच आहे, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली. आणि नुसता संशयाचा मेसेज आला असेल तर तो दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी' संकेतस्थळावरच्या 'चक्षू' सोयीत कळवता येतो.

पण लोक कळवतच नाहीत, आणि याचं कारण पुन्हा आपले ग्रुप. कोणी सांगितलं की मी फसलो, की लगेच हसणारे इमोजी पडतात. "एवढे शिकलेले असून?" "बँकेतून रिटायर झाले ना तुम्ही?" असे एक-दोन अनुभव घेतले की पुढचा माणूस तोंड उघडत नाही. माझ्याकडेही येतात तेव्हा आधी आजूबाजूला कोणी ओळखीचं नाही ना ते पाहतात, आवाज खाली करतात, आणि घरी सांगू नका म्हणतात. तोपर्यंत दोन दिवस गेलेले असतात. तुमच्या ग्रुपात फसलेल्याची खिल्ली उडवणाऱ्याचा मेसेज लिंकेइतक्याच तत्परतेने डिलीट करा. मला विचाराल तर हे काम पिनपेक्षाही महत्त्वाचं आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीला, आपण काळी-पिवळी मारबतीचे पुतळे काढतो, वर्षभराची इडापिडा गावाबाहेर नेतो, आणि बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे, तर दरवर्षी नव्या विषयावर निघतात. महालातल्या मंडळांचे ॲडमिन हे वाचत असतील तर एक बडगा या एपीके पत्रिकेचा होऊन जाऊ द्या. पोरं रस्त्यावर जे ओरडतात ते घरोघरी लक्षात राहतं, बँकेच्या मेसेजपेक्षा नक्कीच जास्त. आणि मंडळवाल्यांनो, पोळ्यानंतर लगेच गणपती येतो. वर्गणीचा क्यूआर कोड ग्रुपवर टाकाल तेव्हा खात्यावर नाव कोणाचं दिसायला पाहिजे तेही लिहा, आणि पावती देणाऱ्याचा फोन नंबरही. दुसऱ्याच कोणी तुमच्या नावाने वर्गणी गोळा केली तर पुढच्या वर्षी खऱ्या पावतीलाही कोणी दार उघडणार नाही.

टू-स्टेप पिन, लिंक्ड डिव्हाइसेस, फ्रेंड लिस्ट हे ज्यांना जमत नाही असे मेंबर प्रत्येक ग्रुपात आहेत, बहुतेक साठीच्या पुढचे. त्यांना मेसेज वाचून जमणार नाही. येत्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा मंडळाच्या पेंडॉलमध्ये खुर्च्या टाका, चहा ठेवा, आणि दोन कॉलेजची पोरं बसवून एकेकाचा फोन हातात घेऊन करून द्या. आमच्या भागातले असाल तर दुकानात पाठवा. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक कमी असतं, या कामाचे मी पैसे घेत नाही. पिन मात्र ज्याचा त्याने टाकायचा, मी तेवढा वेळ पाठ फिरवून उभा राहतो, आणि कागदावर लिहून कव्हरच्या मागे ठेवायचा नाही.

आपला,
सक्करदऱ्यातला एक मोबाईल दुरुस्तीवाला